व्हर्लीनने जीन्स घातली त्या रविवारी

व्हर्लीन टिस्डेलने मला पहिल्यांदा झापलं ते हातमोज्यावरून. मी तेवीस वर्षांची, नुकती लग्न होऊन अटलांटापासून दीड तासावरच्या मेकनला आलेली, आणि आमच्या काळ्या लोकांच्या चर्चच्या सेवेकरी मंडळात माझा तो पहिलाच रविवार. दारावर उभं राहायचं, येणाऱ्याच्या हातात कागदी पंखा द्यायचा, जागेवर नेऊन बसवायचं, गाण्याच्या भरात कुणी अंगात आल्यासारखं होऊन कोसळलं तर सावरायचं. मला वाटत होतं, एवढंच तर काम. माझ्या उजव्या हातमोज्याच्या करंगळीवर लिपस्टिकचा तांदळाएवढा डाग होता. व्हर्लीनने तो दहा पावलांवरून हेरला, जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "लुवेनिया, हा हात तू आज देवाच्या दारात लोकांपुढे करणार आहेस. घरी जा." मी गेले. रडत गेले आणि मनात शिव्या घालत गेले. पुढच्या रविवारी दोन जोड आणले, एक पर्समध्ये.

ती अशी का, हे मला पुढे हळूहळू कळत गेलं. तिच्या आईचं नाव ओझी, ती टेकडीवरच्या गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला होती. सहा दिवस राखाडी गणवेश, आणि तिची पन्नाशी उलटली तरी त्या घरातली शेंबडी पोरं तिला नुसतं ओझी म्हणून हाक मारायची. रविवारी मात्र ती टोपी, हातमोजे, टाचांचे बूट घालून चर्चला निघाली की आमच्या वस्तीतले पुरुष ओट्यावरून उठून तिला आडनावाने, मिसेस टॉलिव्हर म्हणून वाट द्यायचे. त्या काळी गावातल्या मोठ्या दुकानात काळ्या बाईला टोपी डोक्यावर घालून बघू देत नसत. ओझी घरूनच डोक्याचं माप सुतळीवर घेऊन जायची आणि ती सुतळी टोपीच्या आतून फिरवून बघायची. आईचं बोट धरून शेजारी पाच वर्षांची व्हर्लीन. "दुकानातली बाई माझ्या आईच्या केसांकडे जसं बघायची, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही," असं व्हर्लीन मला एकदाच म्हणाली, आणि मग लगेच विषय बदलला.

ती स्वतः एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीला होती. वाफेत उभं राहून चादरी, डॉक्टरांचे कोट, पुन्हा चादरी. नवरा लवकर गेला. लोकांचे कपडे इस्त्री करून घरी आली की शनिवारी संध्याकाळी स्वतःचा पांढरा गणवेश इस्त्री करायची, आणि त्याच्या घडीला हात लावायची आमची छाती नव्हती. मंडळाची प्रमुख झाल्यावर तर तिने आम्हा चौदा बायकांना सैन्यासारखं उभं केलं. डावा हात पाठीमागे, नजर समोर, बोलणं नाही. आमचं सगळं खुणांवर चालायचं. दोन बोटं वर म्हणजे दोन जागा रिकाम्या. छातीवर हात म्हणजे पाणी आणा.

आणि तळहात मांडीशी आडवा धरला, तर पहिल्या रांगेत वस्त्र हवंय.

हे वस्त्र म्हणजे लेस लावलेलं पांढरं चौकोनी कापड. पुढच्या रांगेत बसलेल्या बाईचा झगा बसताना गुडघ्यावर सरकला, की सेवेकरणीने ते नेऊन तिच्या मांडीवर अंथरायचं. व्हर्लीन ती स्वतः शिवायची, चोवीस होती. मी तिच्या माघारी त्यांना फडकी म्हणायचे. जुन्या बायकांना त्यात काही वाटत नसे, त्या उलट "थँक्यू, सिस्टर" म्हणायच्या. पण पंधरा-सोळाच्या पोरीवर भर चर्चमध्ये ते कापड पडलं की तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. व्हर्लीनला हे दिसत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, बाहेर लोक आपल्या पोरींकडे कसं बघतात ते ठाऊक आहे ना, मग निदान इथे तरी कुणाला तोंड उघडायला जागा नको.

नायरी ही तिची नात. व्हर्लीनची एकुलती एक मुलगी लोरेन फुप्फुसाच्या आजाराने गेली तेव्हा नायरी सहा वर्षांची होती, आणि तेव्हापासून आजीनेच तिला वाढवलं. पोरगी हुशार, उंच आणि आजीसारखीच ताठ. सतरा वर्षांची असताना, तरुणांचा म्हणून जो रविवार असतो त्या दिवशी, पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा मान तिला मिळाला. व्हर्लीन नेहमीप्रमाणे सकाळी सातलाच चर्चला आली होती, त्यामुळे नायरी काय घालून येणार ते तिने पाहिलं नव्हतं. नायरी पिवळ्या झग्यात आली. उभी होती तोवर ठीक होतं. पहिल्या रांगेत बसली आणि झगा गुडघ्यांच्या वर चांगला चार बोटं गेला.

मी त्या दिवशी पुढच्या रांगांपाशी सेवेला उभी होते. आता खरं काय ते सांगते. ती नायरी आहे हे मला स्वच्छ दिसत होतं. पाचच मिनिटांत ती वाचायला उठणार होती, तेवढ्यापुरती मी डोळेझाक केली असती तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आदल्याच ईस्टरला व्हर्लीनने माझ्या शेरिसच्या मांडीवर कापड टाकलं होतं, आणि माझी पोर घरी येऊन दोन तास बाथरूमला कडी लावून बसली होती. ते माझ्या पोटात होतं. मनात आलं, बघू तरी, घरच्यांना वेगळा न्याय आहे का. मी मागे वळले आणि तळहात मांडीशी आडवा धरला.

व्हर्लीन मागच्या दाराशी होती. तिथून तिला फक्त माझी खूण दिसली. कापड हातावर घेऊन ती मधल्या वाटेने चालू लागली. अर्ध्यावर आल्यावर तिने मान पाहिली, केसांची ठेवण पाहिली आणि ओळखलं. पण चालू लागलेली सेवेकरीण मधूनच परत फिरत नाही, आणि चारशे माणसं बघत होती. अगदी जवळ आल्यावर तिने आणखी एक गोष्ट ओळखली, ती म्हणजे तो झगा. तो लोरेनचा होता. लोरेन बुटकी, तिला तो पोटऱ्यांपर्यंत यायचा. आज आईचं काहीतरी अंगावर असावं म्हणून नायरीने तो कपाटातून काढून, धुऊन, इस्त्री करून घातला होता. व्हर्लीन क्षणभर थांबली. मग तिने कापड उलगडलं, नातीच्या मांडीवर अंथरलं आणि दोन्ही कोपरे नीट केले.

नायरीचं नाव पुकारलं तेव्हा ती उठली नाही. ते कापड मांडीवर तसंच ठेवून, हात त्याच्यावर ठेवून, समोर बघत बसून राहिली. पुन्हा पुकारलं, तरी नाही. शेवटी दुसऱ्या एका मुलाने उतारा वाचला. घरी गेल्यावर तिने आजीला एवढंच विचारलं, आईचा झगा ओळखला नाहीस का. व्हर्लीन म्हणाली, ओळखला. नायरी म्हणाली, तरी? आणि व्हर्लीन म्हणाली, तरी. त्याच उन्हाळ्यात नायरी अटलांटाला तिच्या आजोबांच्या बहिणीकडे राहायला गेली. ती नऊ वर्षं परत आली नाही. नाताळला कार्ड, आणि मातृदिनाला फोन, तोही दोन मिनिटांचा. लग्न केलं तेही तिकडेच, कोर्टात. आजीला फोटो पाठवला.

व्हर्लीनने तो फोटो चौकटीत घालून लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, पण मधल्या काळात तिची हनुवटी खाली आलेली मी पाहिली आहे. दोन वर्षं मी हे गिळून काढली. मग एकदा तिच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलताना सगळं ओकले, की खूण मी मुद्दाम केली होती. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. ती शेंग सोलत राहिली. म्हणाली, "मला माहीत आहे. खूण तुझी होती, लुवेनिया. पाय माझे होते." तिने मला जेवायला थांबवून घेतलं. 

मग आमच्याकडे पास्टर ब्रॅन्टली आला. वय छत्तीस, बोलायला गोड, झग्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो आला तेव्हा आमच्याकडे रविवारी जेमतेम सत्तर माणसं उरली होती, त्यातली निम्मी काठी टेकत येणारी. त्याने दारावर मोठा कापडी फलक लावला, ‘जसे आहात तसे या’. आणि खरोखरच लोक आले. गोदामात रात्रपाळी करून चमकत्या पट्ट्यांच्या जाकिटात आलेले आले, कडेवर पोर आणि अंगात घरातलेच कपडे अशा मुली आल्या. वर्षभरात बाक पुरेनात. टोप्या घालणाऱ्या जुन्या बायकांनी नाकं मुरडली, पण पंखे वाटायला हात कमी पडतात म्हटल्यावर गप्प बसल्या. हातमोजे गेले. चोवीस वस्त्रं खोक्यात घालून तळघरात ठेवली. सेवेकऱ्यांना जांभळा टी-शर्ट आला, त्याच्या पाठीवर फलकावरचेच शब्द. बाकी सगळ्यांनी तो घातला. मीही घातला, आणि खरं सांगायचं तर मला त्यात हलकं वाटलं.

व्हर्लीनने घातला नाही. आठ महिने ती एकटी पांढऱ्या गणवेशात, हातमोजे घालून, जांभळ्या घोळक्यात उभी राहायची. पास्टर तिला रागावून काही बोलला नाही. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मदर म्हणतात, तर तो तिला बाजूला घेऊन प्रेमाने म्हणाला की मदर टिस्डेल, नवी माणसं तुम्हाला बघून दारातच बिचकतात हो. आणि तिला बाजूच्या दाराशी उभं केलं, जिथून कुणीच आत येत नाही. ती तिथे उभी राहिली. एकाही रविवारी बसली नाही. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी पोटात तुटायचं, दोन्ही एकाच वेळी.

त्याच सुमाराला नायरीचा फोन आला. तिला मुलगा झाला होता, एमरी, पाच महिन्यांचा. बाळाला देवाच्या हाती सोपवायचा विधी तिला आपल्याच चर्चमध्ये करायचा होता, जिथे तिचा स्वतःचा झाला होता, जिथे लोरेनचा झाला होता. आणि ती म्हणाली, आजी, तू त्याला वेदीपर्यंत घेऊन जाशील का. व्हर्लीन हे मला सांगायला चालत आली. दीड मैल, घरातल्या चपला घालून. दारात उभी राहून म्हणाली, "ती म्हणाली, तू घेऊन जाशील का." दोनदा म्हणाली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

पुढचे तीन आठवडे तिने नुसता घोर लावून घेतला. केक कुठला करायचा, चिकन शनिवारी तळायचं की रविवारी सकाळी, बाळ रडलं तर. हे सगळं वरवरचं होतं. खरा घोर एकच, की नायरी आली आणि पुन्हा काहीतरी बिघडलं तर ही शेवटची वेळ. आणि इथे मी पुन्हा माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, पोरगी गेली कशामुळे? त्या पांढऱ्या गणवेशामुळे गेली. ती दारात आली आणि तू तशीच हातमोजे घालून उभी दिसलीस, तर तिला तो दिवस आठवेल. टी-शर्ट घाल. खाली जीन्स घाल. तिला दिसू दे की आजी बदलली. व्हर्लीनने केकची यादी घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाली, जीन्स कुठे मिळते.

मी तिला घेऊन गेले, गावातल्या त्याच मोठ्या दुकानात. एकाहत्तर वर्षांची बाई, जन्मात कधी पॅन्ट घातली नाही. दुकानातल्या मुलीने गुडघ्यावर फाटलेली जीन्स दाखवली तेव्हा व्हर्लीनने तिला विचारलं, "बाळा, हिचं उरलेलं कापड कुठे ठेवलंस?" आम्ही तिघी हसलो. मग ती ट्रायल रूममध्ये गेली आणि बाहेरच येईना. मी पडद्याआडून हाक मारली तर म्हणाली, थांब. आत डोकावून पाहिलं तर ती आरशासमोर उभी होती, दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या आईला इथे टोपी लावून बघू देत नव्हते. आणि मी काय लावून बघतेय बघ."  मी म्हटलं, छान दिसतेस. मी खोटं बोलले.

शनिवारी तिने त्या जीन्सला इस्त्री केली. समोर अशी धारदार घडी पाडली की मी रविवारी बघितली आणि हसू आवरेना. तीही थोडी हसली. अंगात जांभळा टी-शर्ट, पायात नवे पांढरे बूट, हात उघडे. तिचे उघडे हात मी चर्चमध्ये पहिल्यांदाच पाहत होते. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. पास्टर ब्रॅन्टलीने तिला मिठी मारली, म्हणाला, मदर, आज किती सुंदर दिसताय. तिला मुद्दाम मोठ्या दारावर उभं केलं.

नायरी गाडीतून उतरली. नवरा सैन्यात, परदेशी होता, म्हणून बाळाला घेऊन एकटीच आली होती. मी तिला ओळखलं ते चालण्यावरून. अंगात गडद निळा झगा, घोट्यापर्यंत लांब, बाह्या मनगटापर्यंत, केस मागे घट्ट बांधलेले. बाळ पांढऱ्या रेशमात. पायऱ्या चढून ती वर आली, आजीसमोर उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी थांबलं. व्हर्लीनने बाळासाठी हात पुढे केले होते. नायरीने बाळ दिलं नाही.

"हे काय घातलंयस?" ती म्हणाली.

व्हर्लीन म्हणाली की आता सगळेच घालतात, पास्टरनेच दिलाय. नायरीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्या जीन्सच्या घडीपर्यंत. ती ओरडली नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी आज घोट्यापर्यंत घालून आले, आजी. तुझ्या हाताला माझ्यापर्यंत यायला कारण नको म्हणून. नऊ वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले, की माझी आजी कठोर आहे, पण ती खरी आहे. तिने गव्हर्नरच्या बायकोवरही ते कापड टाकलं असतं. तिचा विश्वास आहे त्याच्यावर. तेवढ्यावर मी तुला माफ करायला आले होते. आणि तू टी-शर्ट घालून उभी आहेस. मग ते काय होतं? काहीच नव्हतं?"

"तुला आवडेल म्हणून घातला," व्हर्लीन म्हणाली.

"मला काय आवडेल, हे त्या दिवशी का नाही विचारलंस?"

 मी दार धरून उभी होते, आणि तो टी-शर्ट माझी अक्कल होती हे सांगायला तोंड उघडलं, पण व्हर्लीनने माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. मग ती नायरीला म्हणाली, "त्या दिवशी मला तुझी भीती नव्हती. लोकांची होती. आता लोकांचं काही वाटत नाही. आता तुझी भीती वाटते."

नायरी म्हणाली, "मला घाबरणारी आजी नको होती." आणि बाळाला छातीशी धरून ती आत निघून गेली.

व्हर्लीन बाजूच्या छोट्या खोलीत गेली. मला नळाचं पाणी ऐकू येत होतं. आत पहिलं गाणं संपलं, चर्चच्या सूचना सांगून झाल्या, पास्टरने नायरीला पुढे बोलावलं. तिने मागे वळून पाहिलं. पास्टरने बाळाला हातात घेतलं, सगळे उभे राहिले, डोकी खाली गेली आणि प्रार्थना सुरू झाली. नेमकी तेव्हा व्हर्लीन तोंड पुसत बाहेर आली.

आमचा सगळ्यात जुना नियम म्हणजे प्रार्थना चालू असताना कुणी आत जायचं नाही. कुणीही असो, दार बंद, आमेन होईपर्यंत बाहेर थांबायचं. व्हर्लीनने एकदा महापौराला पायऱ्यांवर उभं ठेवलं होतं. पास्टर ब्रॅन्टलीने इतरांबरोबर तोही नियम काढून टाकला होता, आता लोक हवं तेव्हा येत-जात. म्हणून मी काचेचं दार पूर्ण उघडून धरलं आणि तिला आत ये म्हणून मान हलवली. ती उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. मी हाताने ओढायला गेले, तिने हात सोडवून घेतला. मी कुजबुजले, "अगं, तुझं पोर आहे ते, जा." ती म्हणाली, "प्रार्थना चालू आहे."

ती त्या उघड्या दारात उभी राहिली. जांभळ्या टी-शर्टमध्ये, डावा हात पाठीमागे, डोकं खाली. पास्टरने एमरीचं नाव घेतलं, त्याच्या कपाळावर तेल लावलं, त्याला वर धरलं. चाळीस पावलांवर तिचं पणतवंड तिच्याशिवाय देवाच्या हाती सोपवलं जात होतं आणि ती हलली नाही. मला तिला धक्का मारून आत ढकलावंसं वाटत होतं. आमेन झालं तेव्हा ती आत पाऊल टाकायला लागली, पण बाळ नायरीच्या हातात परत गेलेलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. ती तशीच मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

सगळं संपल्यावर नायरी जेवायला थांबली नाही. गाडीपाशी गेली. व्हर्लीन तिच्यामागे गेली, आणि मी केकचा डबा घेऊन व्हर्लीनच्या मागे, कारण मला ते बघायलाच हवं होतं.

"मी वळून पाहिलं होतं," नायरी म्हणाली. "दार उघडं होतं. लुवेनियाने धरून ठेवलं होतं."

"प्रार्थना चालू होती."

"तो नियम आता नाही."

"माहीत आहे मला."

"मग आज कुणाची भीती होती?"

"कुणाची नाही," व्हर्लीन म्हणाली.

नायरी तिच्याकडे बघत राहिली.  मग तिचा चेहरा एकदम चुरगळला, आणि रडतानाच ती रागाने म्हणाली, "एमरीसाठीसुद्धा नियम मोडला नाहीस?" व्हर्लीन म्हणाली, नाही. नायरीने मनगटाने डोळे पुसले, बाळ तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, जरा धर, सामान ठेवते. बाळाची पिशवी, दुधाची पिशवी, माझा केकचा डबा. तिने ते सगळं ठेवायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. व्हर्लीन बाळाला घेऊन ताठ उभी होती, त्याच्याकडे बघत होती, त्याला काहीतरी पुटपुटत होती. मग नायरीने बाळ घेतलं, मागच्या सीटवर बांधलं आणि गाडीत बसून काच खाली केली.

"पुढच्या वेळी तुझ्या कपड्यांत ये," ती म्हणाली. "मग आपण भांडू."

त्या रविवारला सात-आठ महिने होत आले. व्हर्लीनने टी-शर्ट धुऊन, घडी घालून पास्टरला परत केला. जीन्स मला दिली, मला ती होत नाही. दर रविवारी ती पांढऱ्या गणवेशात आणि हातमोज्यांत बाजूच्या दाराशी उभी असते. गुडघे सुजतात, तरी बसत नाही. मी पास्टरशी भांडून तिला मोठ्या दारावर आणायचं म्हटलं, तर म्हणाली, इथूनही गाड्या दिसतात.

नायरी आता महिन्याला फोन करते. पण ती पुढची वेळ अजून आलेली नाही. परवा फोटो आला, एमरी खुर्ची सोडून चार पावलं चालला. व्हर्लीनने तो मला दोनदा दाखवला आणि म्हणाली, आता त्याला उचलून न्यायची गरजच उरली नाही.